गुलाब नेमका कधी आणायचा आणि कधी लावायचा? मृगात की दसऱ्यानंतर?

अंगणवेल (पुणे), २३ मे

नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच सिंहगड रोडला राहायला आलोय, तळमजल्याचा फ्लॅट आहे आणि मागे साधारण १२ बाय ५ फुटाची मातीची पट्टी सोसायटीने वापरायला दिलीये, तिथे आत्ता बिल्डरचा राडारोडा आणि गवत सोडून काही नाही. मला तिथे गुलाब लावायचेत, ५-६ झाडं, त्यातला एक तरी वासाचा हवा आणि सासूबाईंना देवाला रोज एक फूल मिळेल असा गावठी गुलाबी हवाय.

आता गोंधळ असा की ज्याला विचारावं तो वेगळं सांगतोय. सासूबाई म्हणतात मृग लागला की लाव, त्यांच्या माहेरी तसंच लावायचे. नर्सरीवाला म्हणतो ताई कधीही लावा काही होत नाही, आत्ता घेऊन जा, लगेच दोन कुंड्या उचलून पुढे पण केल्या. शेजारच्या काकूंनी मार्चमध्ये फुलांनी भरलेली रोपं आणली होती ती मे येईपर्यंत काड्या होऊन बसलीत, त्यामुळे त्या म्हणतात पुण्यात गुलाब होतच नाही, जे मला पटत नाही कारण समोरच्या गल्लीत एका बंगल्याच्या कंपाउंडवर मस्त गुलाब आहेत.

तर मला सांगा की रोप विकत घ्यायची वेळ कुठली आणि लावायची कुठली? आणि आणल्या आणल्या लगेच जमिनीत लावायचं की थोडे दिवस तसंच ठेवायचं? पट्टी पूर्वेला आहे, आत्ता सकाळी ७ ते १२ चांगलं ऊन येतं.

गोदाकाठ (नाशिक), २३ मे

ताई, नर्सरीत पिशवीतलं जे रोप मिळतं ते डोळा भरलेलं कलम असतं, खाली खुंट जंगली गुलाबाचा आणि वर आपल्याला हवी ती जात. असं कलम पावसाळा सरल्यावर लावा, म्हणजे आपल्याकडे दसरा ते डिसेंबर. हे झालं उत्तर, आता जरा लांबण लावतो कारण कारण कळलं की तारीख पाठ करावी लागत नाही.

नवीन रोपाला पहिलं काम असतं मुळं पसरवण्याचं. बारीक पांढरी मुळं मातीतल्या हवेवर वाढतात. जुलै-ऑगस्टमध्ये, त्यात तुमच्याकडची काळी माती असेल तर, मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, मूळ घुसमटतं आणि सडतं. जुन्या झाडाची मुळं खोल आणि जाड असतात म्हणून ते तग धरतं, नवीन रोप नाही. दुसरं म्हणजे पान दिवसेंदिवस ओलं राहतं. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला पान ६-७ तास सलग ओलं मिळालं की पुरतं, मग पानावर काळे डाग, पान पिवळं, गळलं. ज्या रोपाला मुळं पण नीट नाहीत आणि पानं पण नाहीत ते जगणार कशावर?

उन्हाळ्याचं उलट. फेब्रुवारी-मार्चला लावलं की मुळं धरायच्या आत एप्रिल येतो, पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत. तुमच्या शेजारच्या काकूंचं हेच झालंय, पुण्याच्या हवेची काही चूक नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला कसं असतं, माती आतून अजून उबदार आणि ओलसर, वरती ऊन स्वच्छ, रात्र गार. मूळ पटापट धरतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं बघायला मिळतात आणि मेच्या आत झाडाला पाच-सहा महिने मिळालेले असतात. फक्त ऑक्टोबर हीटचे जे दहा-पंधरा दिवस असतात ना, दुपारी भाजून काढणारे, ते जाऊ द्या किंवा दुपारची सावली करा. जानेवारीत लावलं तरी चालतं. फेब्रुवारीत घ्यावंच लागलं तर कुंडीत ठेवा आणि जमिनीत पुढच्या हंगामात.

विकत घेण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बघायला जावं जानेवारीत आणि विकत घ्यावं पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जानेवारीत २६ तारखेच्या आसपास तुमच्याकडे एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथे फुलं बघा, वास घ्या, नावं लिहून आणा. ऑक्टोबरमध्ये नर्सरीतली रोपं छाटलेली असतात, नुसत्या काड्या आणि चार कोवळी पानं, कोणी ढुंकून बघत नाही, तेव्हा निवडायला वेळ मिळतो आणि भाव करता येतो.

अबोली_रत्नागिरी, २४ मे

गोदाकाठ काकांचं बरोबर आहे पण ते घाटावरचं वेळापत्रक झालं. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट करून कधी येईल नेम नाही, त्यामुळे कोकणात दसऱ्याला घाई करू नये. आम्ही दिवाळी झाल्यावर लावतो. आणि खड्ड्यात नाही, वर. जांभ्याच्या मातीत खड्डा केला की पावसाळ्यात त्याची विहीर होते, म्हणून दगड रचून फूटभर उंच वाफा करायचा आणि त्यावर गुलाब. पावसाळ्यात कुंड्या असतील तर पत्र्याखाली नेऊन ठेवायच्या, गुलाबाला चार महिने आमचा पाऊस झेपत नाही. माझ्याकडे कुंडीतले आहेत ते जूनमध्ये पडवीत जातात, भिंतीला लावून नाही हं, जिथे तिरकं ऊन येतं तिथे.

मुंबई-ठाण्यातल्या लोकांनी पण घाटावरचं न बघता आमचं बघावं. तिकडे थंडीच मुळात कमी, त्यामुळे नोव्हेंबर अखेर ते जानेवारी एवढीच खिडकी मिळते. गोव्यातही तेच.

अंगणवेल (पुणे), २४ मे

बापरे इतकं सविस्तर, खूप आभार दोघांचे. पण मग सासूबाई काय चुकीचं सांगतायत का? हे घरात जाऊन कोणत्या तोंडाने सांगू 😄 त्या म्हणतात आमच्या वाड्यात सगळे गुलाब मृगातच लावलेले आणि २०-२० वर्षं टिकले. आणि नर्सऱ्यांमध्ये जूनमध्येच तर सगळ्यात जास्त रोपं येतात ना?

कृष्णाकाठची_मावशी (सांगली), २४ मे

तुमच्या सासूबाई अगदी बरोबर आहेत हो, आणि नाशिकचे भाऊजी पण बरोबर आहेत. दोघं वेगवेगळ्या झाडाबद्दल बोलतायत.

पूर्वी वाड्यात, शेताच्या बांधावर जो गुलाब असायचा तो गावठी, गुलाबी, पाकळ्या सैल, फूल एका दिवसात गळणारं पण वास असा की देवघर भरून जायचं. तो कोणी विकत आणत नसे. शेजारणीकडून काडी आणायची आणि खोचायची. काडीला मुळंच नसतात तर सडणार काय? तिला उलट हवेत सतत ओलावा लागतो, नाहीतर मुळं फुटायच्या आधी ती वाळून जाते. म्हणून मृग, आर्द्रा. जून-जुलै. त्याच्यावरून घराघरात गुलाब म्हटलं की मृग असं बसलं. नंतर बाजारात कलमं आली पण सल्ला तोच राहिला.

तर सासूबाईंचा देवाचा गुलाब मृगातच लावा, त्यांच्याच हातून लावून घ्या. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, फार कोवळी हिरवी नको आणि जुनी खरखरीत पण नको, ज्याच्यावर फूल येऊन गेलंय अशी फांदी बरी. वीतभर लांब, चार-पाच डोळे असलेली. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका द्यायचा आणि वरचा डोळ्याच्या पाव इंच वर. खालची पानं काढून टाकायची, निम्मी काडी मातीत. पिशवीत निम्मी वाळू निम्मी माती घालून लावा, आणि एका ऐवजी सात-आठ लावा कारण सगळ्या जगत नाहीत. सावलीत ठेवा. पंधरा दिवसांत कोंब दिसेल आणि सगळे खूश होऊन उपटून बघतात! काडीतल्या साठ्यावर कोंब फुटतो, मुळं त्यानंतर येतात. दीड महिना हात लावायचा नाही. मग ऑक्टोबरात जमिनीत.

हायब्रिड गुलाबाची अशी काडी लावू नका म्हणत नाही मी, कधीकधी लागते, पण झाड स्वतःच्या मुळावर बहुतेक वेळा नाजूकच राहतं. म्हणून तर खुंटावर डोळा भरतात.

आणि गुलकंद करणार असाल तर याच झाडाचा. पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनात, बरणीत थर देऊन तीन-चार आठवडे उन्हात. पण त्या झाडावर कसलंही औषध मारलेलं नको, नर्सरीतून आणलेल्या रोपाची पहिली फुलं तर खाण्यात घेऊच नका.

पॉलिहाऊसवाला (मावळ), २५ मे

मी तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये कामाला आहे, रोज गुलाबातच असतो म्हणून थोडं धंद्याकडून सांगतो. आमचा व्हॅलेंटाइनचा माल २५ जानेवारीच्या आसपास निघायला लागतो. छाटणी ते फूल ४५ ते ५० दिवस, थंडी जास्त पडली की आठवडाभर लांबतं. म्हणून आमची छाटणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तुम्हाला घरी एखाद्या तारखेला फुलं हवी असली, लग्न वाढदिवस काय असेल ते, तर असंच उलटं मोजा.

आता हेच गणित रोपं विकणारे पण लावतात. जानेवारी-फेब्रुवारीला नर्सरीत जी रोपं फुलांनी लदलेली दिसतात ती खत देऊन त्या दिवसांसाठी तयार केलेली असतात, रोपाची सगळी ताकद फुलात गेलेली, पिशवी छोटी, मुळं गुंडाळलेली. गिऱ्हाईक फूल बघून घेतं हे त्यांना माहीत आहे. दोष कोणाचा नाही, धंदा आहे. पण तुम्ही घेताना फुलाकडे शेवटी बघा.

आधी खाली बघा. डोळा भरलेली जागा कुठंय, तिथून निघालेल्या दोन-तीन जाड हिरव्या फांद्या पाहिजेत. एकच बारीक फांदी आणि तिच्या शेंड्याला मोठं फूल, ते सोडा. डोळ्यावर प्लास्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल तर घरी आणून ब्लेडने उभी कापून काढायची. डोळ्याच्या खालून फूट आली असेल तर ती जंगली, पान बारीक, जास्त पात्या, काटे वेगळे, वाढते पण भन्नाट, ती मुळापासून तोडायची नाहीतर दोन वर्षांनी तुमच्याकडे फक्त जंगली गुलाब राहील आणि तुम्ही म्हणाल रंग बदलला. पान उलटं करून बघा, लाल कोळी असेल तर बारीक जाळं दिसतं. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका, ती मर चालू झालेली असते.

आणि एक, पॉलिहाऊसच्या जाती, टॉप सीक्रेट, ताजमहाल वगैरे, लोक हौसेने मागतात. त्या उघड्यावर लावण्यासाठी नाहीत आणि वास नसल्यातच जमा. घरी ग्लॅडिएटर लावा, दणकट आहे. वासाला डबल डिलाइट, पांढरट पाकळी आणि कडा लाल, पण त्याच्यावर भुरी, म्हणजे पानावर पिठासारखी पांढरी बुरशी, येते हे धरून चाला.

संत्रानगरी (नागपूर), २५ मे

पॉलिहाऊसवाले दादांनी मुळांचा विषय काढलाच आहे तर, त्या मातीच्या गोळ्याचं कोणी बोललंच नाही! बाहेरच्या राज्यांतून जी रोपं येतात, ट्रकने, त्यांच्या मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा असतो विटेसारखा. वरून तुम्ही कितीही छान माती घाला, पाणी त्या गोळ्याच्या बाजूने निघून जातं आणि आत कोरडं, नाहीतर एकदा आत शिरलं की बाहेर निघत नाही. मी तर रोप आणलं की बादलीत गोळा बुडवून ठेवते अर्धा तास आणि हाताने सगळी माती धुऊन काढते मगच लावते.

गोदाकाठ (नाशिक), २५ मे

संत्रानगरी ताई, सगळी माती धुणं मला पटत नाही. गोळा फोडताना बारीक मुळं तुटतात, आणि तीच कामाची असतात. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरीने तीन-चार उभ्या खाचा द्या, तळ थोडा मोकळा करा आणि लावा. मुळं बाहेर पडतात आपली आपण.

संत्रानगरी (नागपूर), २५ मे

काका तुमच्या नाशिकला पडत असतील, इथे नाही पडत 😄 मेलेलं रोप उपटून बघा, वर्ष झालं तरी गोळा जसाच्या तसा, एक मूळ बाहेर नाही. धुते मी पण डिसेंबरमध्येच, रोपावर पानं कमी असतात तेव्हा, संध्याकाळी, आणि नंतर आठवडाभर पूर्ण सावली. मार्चमध्ये असं केलं तर रोप त्याच दिवशी माना टाकेल, आमच्याकडे तर तेव्हा ३७-३८ झालेलं असतं. म्हणजे हा पण वेळेचाच प्रश्न आहे. बाकी इथे पिशवीतल्या लोकल रोपाला भुसभुशीत माती असते, त्याला हात लावायची गरज नाही हे मान्य.

गोदाकाठ (नाशिक), २५ मे

थंडीत आणि पान कमी असताना, एवढी अट असेल तर मी विरोध मागे घेतो. निम्मा. मी मात्र खाचाच देणार.

एडिसनकर (न्यू जर्सी), २६ मे

इकडचं सांगतो, कारण माझी आई पुण्यात अमेरिकन यूट्यूब बघून झाडं लावते आणि मग मला फोन करते. आमच्याकडे गुलाब बरेचदा मातीशिवाय येतो, पानं नाहीत, झोपलेली काडी आणि मोकळी मुळं, ओलसर भुश्यात गुंडाळून. मार्चअखेर ते एप्रिल, जमीन गोठलेली सुटली की, रात्रभर बादलीत भिजवून लावायचा. छाटणीला पण तारीख नसते, फोर्सिथियाच्या झुडपाला पिवळी फुलं आली की कात्री घ्यायची असा इथला रिवाज. म्हणजे तिकडे तुम्ही ज्या महिन्यात गुलाब लावू नका म्हणताय तोच आमचा महिना.

दुसरा मोठा फरक, इथे डोळ्याचा सांधा मातीच्या एक-दोन इंच खाली गाडतात कारण कडक थंडीत वरचा भाग मेला तरी सांध्यातून पुन्हा फूट यावी. तुमच्याकडे हे करायचं नाही, सांधा मातीच्या वर. आईने गाडला होता, आता रोपं वर उचलून बसवलीत म्हणे.

आमच्या हरणांचा उपाय मात्र कोणाकडे असेल तर सांगा, कळ्या पहाटे येऊन खातात.

पॉलिहाऊसवाला (मावळ), २६ मे

बरोबर, सांधा मातीच्या दोन इंच वर. आपल्या ओलीत तो गाडला की कुजतो. हरणाचं काय सांगू, आमच्याकडे रानडुक्कर आहे.

अंगणवेल (पुणे), २६ मे

मंडळी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, सांगलीच्या मावशींचं उत्तर दोनदा वाचायला लावलं! त्यांनी काडीसाठी त्यांच्या बहिणीला फोन पण केला. म्हणजे गावठी जूनमध्ये काडीने आणि कलमं दसऱ्यानंतर, हे ठरलं. आता मला सांगा की तोपर्यंत चार महिने ती पट्टी तशीच ठेवायची का? आणि जातींबद्दल अजून सांगा, फार नाजूक काही नको.

गोदाकाठ (नाशिक), २७ मे

उलट मे महिन्यात विचारलंत हे फार बरं झालं. आत्ता खड्डे घ्या. दीड फूट लांब-रुंद-खोल, दोन खड्ड्यांत अडीच फूट अंतर, म्हणजे तुमच्या १२ फुटांत एका ओळीत चार-पाच झाडं आरामात. राडारोडा सगळा उचला, सिमेंटचे आणि चुन्याचे तुकडे मातीत राहिले तर माती चुनखट होते आणि गुलाबाची पानं पिवळी राहतात, शिरा तेवढ्या हिरव्या. खड्डा उन्हात दहा-पंधरा दिवस तापू द्या. पाऊस पडायच्या आत भरून टाका, खालची माती बाजूला ठेवून पोयटा किंवा लाल माती, दोन घमेली जुनं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, असेल तर मूठभर बोनमील. ताजं शेण अजिबात नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. भरताना जमिनीच्या वर वीतभर ढीग ठेवा, पावसाने तो बसतो. ऑक्टोबरला माती मुरलेली तयार मिळेल आणि पाणी कुठे साचतं तेही पावसाळ्यात दिसेल, तिथे गुलाब लावायचा नाही.

पावसाळ्यात त्यावर झेंडू लावा. झेंडूच्या मुळांनी मातीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) कमी होतात, दसऱ्याला तोरणाची फुलं घरची, आणि दसरा झाला की झेंडू उपटायचा आणि तिथे गुलाब बसवायचा.

जातींचं, मावळच्या दादांनी सांगितलेल्या दोन्ही चांगल्या. त्यात भर म्हणून डॉ. बी. पी. पाल यांच्या जाती मिळतात का बघा. माणूस गव्हाचा शास्त्रज्ञ, १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि गुलाब हा त्यांचा छंद, त्यांनी काढलेल्या जाती इथल्या हवेत जन्मलेल्या आहेत. दिल्ली प्रिन्सेस गुच्छाने फुलते, फूल मोठं नाही पण भरपूर. नर्सरीत नावाची पट्टी खरी असेल याची हमी मात्र कोणी देत नाही, लाल मागितला आणि गुलाबी निघाला तर हसून सोडून द्यायचं.

अबोली_रत्नागिरी, २७ मे

अंगणवेल ताई, एक विचारायचं राहिलं सगळ्यांचं. तुम्ही लिहिलंय आत्ता ७ ते १२ ऊन येतं. पण आत्ता मे आहे, सूर्य डोक्यावर. पट्टीच्या दक्षिणेला काय आहे? डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो आणि पुण्यात तर भर दुपारी सुद्धा एखाद्या बिल्डिंगची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी लांब पडते. गुलाबाचा सगळा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि नेमकं तेव्हाच ऊन गेलं तर नुसतं पान वाढेल, फूल नाही. पाच-सहा तास तरी ऊन पाहिजेच.

अंगणवेल (पुणे), २७ मे

अरे देवा. दक्षिणेला शेजारच्या सोसायटीची पाच मजली इमारत आहे, मध्ये फक्त रस्ता. हे डोक्यातच आलं नव्हतं. मग सगळं रद्द का?

संत्रानगरी (नागपूर), २७ मे

रद्द कशाला! फोनमध्ये सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप्स मिळतात, पट्टीत उभं राहून २१ डिसेंबरची तारीख टाका, किती वाजता ऊन येईल ते दिसेल. इमारतीपासून लांबचं, उत्तरेकडचं टोक बहुतेक बरं निघेल, तिथे दोन खड्डे करा. बाकीचे कुंडीत, म्हणजे ऊन जाईल तसं सरकवता येतील. जिथे थंडीत ऊन येत नाही तिथे अनंत, मोगरा लावला तरी चालेल, मोगरा उन्हाळ्यात फुलतो आणि तेव्हा तुमच्याकडे ऊन आहेच.

पॉलिहाऊसवाला (मावळ), २७ मे

कुंडी १२ इंचीच्या खाली घेऊ नका, मातीची मिळाली तर उत्तम, प्लास्टिकची घेतली तर खालची भोकं स्वतः मोठी करून घ्या. कुंडी फरशीवर टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. दसऱ्यानंतर रोप लावलं की पहिले पाच-सहा दिवस सावली, मग हळूहळू ऊन. पहिला महिना खत नाही. पहिल्या दोन-तीन कळ्या आल्या की वाटाण्याएवढ्या असतानाच खुडून टाका, जीव कळवळतो पण टाका, झाड फांद्या करायला लागतं. त्या वर्षी छाटणी करायची नाही, वाळकी काडी तेवढी काढायची, खरी छाटणी पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला. सिकेटर धारेचं असू द्या, घरातली कात्री फांदी चेचते आणि चेचलेल्या जागेतून मर शिरते. कापलेल्या जाड फांदीच्या टोकाला बोर्डोपेस्ट लावायची, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे शेताचं प्रमाण, तुम्हाला १०-१० ग्रॅम आणि १०० मिलि पाणी पुरे. प्लास्टिकच्या डब्यात करा, लोखंडी भांड्यात नको.

अंगणवेल (पुणे), २८ मे

ॲप टाकून बघितलं, उत्तरेच्या टोकाला २१ डिसेंबरला ८ ते १ ऊन दाखवतंय, बाकी पट्टीत जेमतेम दोन तास. मग दोन खड्डे तिथे, एकात सासूबाईंचा गावठी आणि एकात ग्लॅडिएटर. तीन कुंड्या समोरच्या पॅसेजमध्ये, सेक्रेटरींना विचारावं लागेल. अनंताचं संत्रानगरी ताईंनी छान सुचवलं. मावशी, काडी बहिणीकडून ७-८ जूनला मिळतीये, वाईहून पुण्याला यायला अर्धा दिवस जाईल, तोवर कशात ठेवू?

कृष्णाकाठची_मावशी (सांगली), २८ मे

ओल्या गोणपाटात नाहीतर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि वरून प्लास्टिक पिशवी, पाण्यात बुडवून आणू नका. गाडीत उन्हाच्या काचेपाशी ठेवायची नाही. बहिणीला म्हणावं फांदी लांबच कापून दे, तुकडे घरी आल्यावर करा, आणि वरचं टोक कुठलं ते कळायला त्या बाजूला दोरा बांधा, उलटी लावली तर लागत नाही.

अंगणवेल (पुणे), २८ मे

दोरा! बरं झालं सांगितलंत. उद्या खड्ड्यांना माणूस सांगते, कोणाला सिंहगड रोड भागात जुनं शेणखत कुठे मिळतं माहीत असेल तर इथेच लिहा, नर्सरीतलं पाकिटातलं फार महाग पडतंय.

गोदाकाठ (नाशिक), २८ मे

खडकवासल्याच्या बाजूला गोठे आहेत, तिथे विचारा, पोत्याने मिळेल. हातात घेऊन बघा, वास येत नसेल आणि चहापावडरीसारखं मोकळं असेल तरच घ्या.